फॉरमॅट मारला, पुढे काय?

‘फॉरमॅट मारून टाक!’ कॉम्प्युटर जरा रुसला की हा सल्ला फुकटात मिळतो. मशीन स्लो झालंय? फॉरमॅट मार. व्हायरस आलाय? फॉरमॅट मार. ऐन प्रेझेंटेशनच्या दिवशी निळा स्क्रीन आलाय? अरे, मार ना फॉरमॅट! ताप आला की गोळी घ्यावी, तितकं सोप्पं. फोटो, गाणी, एक्सेलच्या शीट्स पेन ड्राइव्हवर टाकल्या की आपण निर्धास्त. एवढा बॅकअप घेतल्यावर आणखी काय हवं?

हवं असतं बरंच काही. विंडोज नव्याने टाकून तासभर झाला की एकेक चौकट स्क्रीनवर उगवायला लागते. प्रॉडक्ट की द्या. सिरियल नंबर द्या. रजिस्टर केलेला ई-मेल द्या. फाइल तुमची, पैसे तुम्ही मोजलेले, आणि तरी ‘तुम्ही कोण?’ असं तुम्हालाच विचारलं जातं. बॅकअप झाला तो मजकुराचा. तो मजकूर उघडायच्या परवानगीचा बॅकअप सहसा कुणी घेत नाही.

मी पुण्यात फ्रीलान्सिंग करते, पण मूळची जळगावची. नवी पेठेजवळ माझ्या मामाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, व्हिजिटिंग कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, गल्लीतल्या भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, असा सगळा मामला. २०२५च्या दिवाळीनंतर मी घरी गेले तेव्हा लग्नसराई तोंडावर होती आणि दुकानात एकच गोंधळ चालला होता. झालं होतं असं, की १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ टाकायचं तर मशीनमध्ये टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. मामाचं असेंबल्ड मशीन २०१६चं. मग दुरुस्तीवाल्या पोराने गोलाणी मार्केटमधून नवा मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एसएसडी आणली. सगळ्या फाइली नव्या डिस्कवर घेतल्या, जुनी डिस्क पुसून कोरी केली, जुना बोर्ड एक्स्चेंजमध्ये दिला आणि विंडोज ११ टाकून दिलं. काम एकदम चोख. मशीन बटण दाबताच सुरू व्हायला लागलं... आणि दुकानातलं काम बंद पडलं!

‘पोरी, तू पेपरात लिहितेस ना, जरा पाहा बरं हे,’ मामा म्हणाला. पेपरात लिहिणं आणि विंडोजचं लायसन्स यांचा संबंध काय, हे विचारण्यात अर्थ नव्हता. आमच्याकडे मास कम्युनिकेशनची डिग्री असलेल्या भाचीला टीव्हीचा रिमोटही दुरुस्त करता आला पाहिजे.

त्या दुकानात मी चार दिवस बसले आणि एक फंडा क्लिअर झाला. सॉफ्टवेअरचं लायसन्स तीन ठिकाणी राहू शकतं : कागदावर, एखाद्या वस्तूत, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरवरच्या खात्यात. आपलं कुठलं लायसन्स कुठे राहतं हे माहीत असलं, की निम्मं टेन्शन कमी.

सुरुवात विंडोजपासून. पूर्वी ही भानगड नव्हती. सीडीच्या पाकिटावरचा नंबर टाकला की झालं, आणि तोच नंबर अख्ख्या गल्लीत चालायचा. २००१मध्ये विंडोज एक्सपी आलं आणि त्याच्याबरोबर ‘ॲक्टिव्हेशन’ आलं. म्हणजे २५ अक्षरांची प्रॉडक्ट की टाकायची आणि वर नेटवरून किंवा फोनवरून कंपनीची मान्यता घ्यायची. ही प्रॉडक्ट की बऱ्याचदा कॅबिनेटला चिकटवलेल्या स्टिकरवर असायची. जळगावच्या ४५ डिग्रीत आणि धुळीत त्या स्टिकरचं काय होत असेल, ते तुम्हीच ओळखा! २०१२च्या विंडोज ८पासून मोठ्या ब्रँडच्या मशीनमध्ये ती मदरबोर्डवरच्या चिपमध्येच बसून यायला लागली. २०१५च्या विंडोज १०ने डिजिटल लायसन्स आणलं. त्यात मशीनची ओळखच सर्व्हरवर नोंदलेली असते. त्यामुळे त्याच मशीनवर पुन्हा विंडोज टाकताना ‘माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही’ असं सांगून पुढे गेलात, तरी नेट लागताच ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

पण या ओळखीत मदरबोर्डला सगळ्यात जास्त वजन. तो बदलला की विंडोजच्या लेखी मशीनच बदललं. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स त्या मशीनपुरतंच असतं. वेगळा डबा विकत घेतला असेल, म्हणजे रिटेल लायसन्स असेल, तर ते दुसऱ्या मशीनवर नेता येतं. मामाने २०१६मध्ये डबा घेतला होता, बिलासकट जपून ठेवला होता, आणि विंडोज १०ची प्रॉडक्ट की विंडोज ११लाही चालते. पंधरा मिनिटांत काम फत्ते.

पुढची चौकट हिशोबाच्या सॉफ्टवेअरची. टॅली वापरणाऱ्यांना ‘सरेंडर’ हा शब्द ठाऊक असेल. मशीन बदलायच्या आधी जुन्यावरून लायसन्स सरेंडर करायचं आणि मग नव्यावर ॲक्टिव्हेट करायचं, अशी ती पद्धत. हिशोबाच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सगळा खेळ दोन गोष्टींवर चालतो : सिरियल नंबर आणि ज्याच्या नावाने खातं आहे त्याचा ई-मेल. मामाकडे नंबर होता. ई-मेल निघाला जुन्या अकाउंटंटचा, आणि तो गेला होता चार वर्षांपूर्वी सुरतेला! फोन लावला. ‘मामी कशा आहेत’पासून ‘इकडे आपल्यासारखी शेवभाजी मिळत नाही हो’पर्यंत सगळं बोलून झाल्यावर त्याने ओटीपी सांगितला. भला माणूस होता म्हणून. भांडून गेलेला असता तर मामाचा नऊ वर्षांचा हिशोब एका अनोळखी इनबॉक्सच्या दारात उभा राहिला असता.

पेजमेकर मात्र बिचारं जुन्या वळणाचं. २००१ची सातवी आवृत्ती ही त्याची शेवटची. ती कुठल्याही सर्व्हरला विचारायला जात नाही. डबीवरचा सिरियल नंबर टाकला आणि थोडी कुरकुर करत का होईना, ते चालू झालं.

आता उरला डाँगल.

डाँगल म्हणजे काय, हे तुमच्यापैकी अनेकांना सांगावं लागेल. पेन ड्राइव्हसारखी दिसणारी छोटी वस्तू. त्याआधीच्या जमान्यात ती प्रिंटरच्या पोर्टला लागायची. ती मशीनला लावलेली असेल तरच सॉफ्टवेअर चालणार. श्रीलिपी, आकृती, आयएसएम ही नावं ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना मराठी डीटीपीची ती दुनिया आठवेल. महागडी सॉफ्टवेअर, त्यांचे सुंदर फॉन्ट आणि चोरी होऊ नये म्हणून कुलूप. मामाचा डाँगल शाबूत होता, पण त्याचा ड्रायव्हर होता ३२ बिटचा. मामाचं जुनं विंडोज १०ही ३२ बिटचं असल्याने दोघांचं जमत होतं. विंडोज ११ निघतं फक्त ६४ बिटमध्ये, आणि त्यात ३२ बिटचा ड्रायव्हर चालतच नाही. किल्ली हातात, कुलूप समोर, पण कुलपाचं भोकच बदललेलं.

पत्रिकांचं काम एक वेळ दुसऱ्या फॉन्टमध्ये निभावलं असतं. पण मामाच्या डेस्कटॉपवर ‘आई’ नावाचं एक फोल्डर आहे.

माझी आजी धुळे जिल्ह्यातली. घरात अहिराणी. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, आखाजीची गाणी, सगळं तोंडपाठ. २००६च्या उन्हाळ्यात मामाचं दुकान धुळ्याला होतं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं. आजी खुर्चीत बसून म्हणायची आणि मामा थेट पेजमेकरमध्ये टाइप करायचा. मी आठ वर्षांची, कूलरसमोर लोळत ऐकायचे. वही केली नाही, कॅसेट केली नाही. समोर कॉम्प्युटर असताना वही कशाला, असे ते दिवस होते. ११२ पानं झाली. २०११मध्ये आजी गेली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्या खान्देशात माहेरवाशिणींचा सण. पुढच्या आखाजीला सगळ्या बहिणी आणि भाच्या माहेरी येतील तेव्हा प्रत्येकीच्या हातात आजीचं पुस्तक द्यायचं, असं मामाने ठरवलं होतं.

त्याने फाइल उघडली. ११२ पानं जागच्या जागी होती. समास बरोबर, पानांचे नंबर बरोबर. मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, डॉलरची चिन्हं. आजीचा एकही शब्द नाही. मामा काही बोलला नाही. त्याने फाइल बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली.

असं का होतं, ते समजून घ्या, कारण तुमच्याही घरात कुठल्यातरी पेन ड्राइव्हवर अशी फाइल असू शकते. त्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटरला मराठी कळतच नव्हतं. तो साठवायचा इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे नंबर, आणि फॉन्ट त्या नंबरांवर मराठी आकार चढवून दाखवायचा. कुठल्या नंबरावर कुठला आकार, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट गेला की मुखवटा गेला आणि खालचे नंबर उघडे पडले. युनिकोडमध्ये ‘क’ला जगभर एकच नंबर आहे, तो कुणाच्या मालकीचा नाही. गंमत म्हणजे १९९१च्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट तर र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकारानेच घडवलेला. पण छपाईच्या धंद्यात जुने फॉन्ट दिसायला देखणे, ऑपरेटरांचे हात त्यांच्याच कीबोर्डवर बसलेले आणि पेजमेकरला युनिकोड समजत नाही. त्यामुळे छापखान्यांतलं मराठी पुढेही वर्षानुवर्षं त्या खासगी नंबरांतच टाइप होत राहिलं.

‘ताई, क्रॅक आहे ना माझ्याजवळ,’ दुरुस्तीवाला पोरगा म्हणाला. ‘दोनशे रुपयात सगळं चालू करून देतो. जळगावात कोण तपासतं?’ मोह झाला, खोटं कशाला बोला. कायदा मला माहीत होता. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३-बीप्रमाणे चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. कमाईसाठी किंवा धंद्यासाठी वापर नसेल तर कोर्ट कैद टाळू शकतं, पण दुकान म्हणजे धंदाच. हाच कायदा कलम ५२मध्ये आपल्या बाजूनेही बोलतो : रीतसर घेतलेल्या सॉफ्टवेअरची प्रत हरवू किंवा बिघडू नये म्हणून बॅकअप कॉपी करून ठेवायला तो परवानगी देतो. मी हे सगळं बोलायच्या आधीच मामाने त्या पोराला थांबवलं. ‘नाही भो. माझ्या पत्रिकेचा फोटो काढून लोक दुसरीकडे तशीच छापतात, तेव्हा मी बोंबलतो का नाही? मग कसं जमेल?’ विषय संपला.

कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी नीट बोलली. डाँगलवरचा नंबर सांगा आणि खरेदीचं बिल किंवा रजिस्ट्रेशन कार्ड पाठवा, मग नव्या आवृत्तीचं अपग्रेड मिळेल. डाँगलवरचा नंबर भिंगातून वाचला. बिल? मामाने डोक्याला हात लावला. २००९मध्ये दुकान जळगावला हलवताना जुने कागद धुळ्याला मावशीच्या माळ्यावर राहिले होते.

जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर. सुरत-नागपूर हायवे, जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘सहा नंबर’, कागदोपत्री आता ५३. एरंडोल, पारोळा मागे टाकत एसटी धुळ्यात शिरली आणि मी मावशीकडे पोचले. ‘कव्हय उनी वं माय? बठ, पहिले जेवी ले,’ मावशीचं नेहमीचं स्वागत. हिवाळ्यातलं भरीत आणि कळण्याची भाकरी समोर असताना सिरियल नंबरचा विषय काढणं पाप. जेवून माळ्यावर चढले. दोन तासांनी ‘दुकान – धुळे’ लिहिलेलं खोकं सापडलं. आत मॅन्युअल, सीडी आणि एका प्लॅस्टिकच्या पिशवीत २००४चं बिल. शाई फिकी झाली होती, पण नंबर वाचता येत होता.

परत येताना धुळ्याचाच विचार डोक्यात होता. हे कागद जपणारं गाव. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६मध्ये इथेच गेले, आणि त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळाने जुनी कागदपत्रं आजवर सांभाळली आहेत. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते हाताने उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ आपल्याला मिळालं ते त्या वहीमुळे. मोडी लिपीतला कागद तुम्हाला-मला वाचता येत नाही, हे खरं. पण मोडी शिकता येते, आणि शिकायला कुणाचा डाँगल लागत नाही. आमची फाइल तर जेमतेम वीस वर्षांची होती.

बिल पाठवलं, अपग्रेडचे पैसे भरले. दोन लग्नपत्रिकांच्या ऑर्डरी त्यात गेल्या. आठवड्याने नवा डाँगल आला, नवे ड्रायव्हर चढवले, फॉन्ट टाकले आणि ‘आई’ फोल्डर उघडलं. सगळं होतं! मामाने पहिल्या पानाची प्रिंट काढली आणि कुणाला न दाखवता खिशात ठेवली.

मग मी हट्ट धरला की पुस्तक आत्ताच युनिकोडमध्ये न्यायचं, नाहीतर दहा वर्षांनी पुन्हा हेच. कन्व्हर्टरने एका मिनिटात ११२ पानं बदलली. बदलली म्हणजे बऱ्यापैकी. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते. रफाराचीही अशीच अदलाबदल. ती कन्व्हर्टरला जमते. तो अडखळला ‘ऱ्हा’पाशी, आणि अहिराणीत तर ‘ऱ्हायनं’, ‘ऱ्हास’ पावलोपावली! मराठीचा स्पेलचेक लावला तर त्याने अख्ख्या पानाखाली लाल रेघा ओढल्या. त्याला अहिराणी येत नाही. ती येते मावशीला. तेव्हापासून रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर मी पुण्यातून पान वाचते आणि मावशी धुळ्यातून म्हणते, ‘हाई असं नही शे!’ आणि मग बरोबर कसं ते गाऊन दाखवते. आम्ही रेकॉर्ड करतो.

तर मंडळी, पुढच्या वेळी ‘फॉरमॅट मार’ म्हणण्याआधी अर्धा तास काढा. कुठली सॉफ्टवेअर टाकली आहेत त्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे लिहा : लायसन्स कागदावर, वस्तूत की खात्यात. कागदाचा फोटो काढून स्वतःलाच मेल करा. डाँगलचा नंबर आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा ठेवा. खातं कुणाच्या ई-मेलवर आहे ते बघा. ऑफिस सोडून गेलेल्या माणसाचा असेल तर तो आजच बदला. जिथे सरेंडर किंवा डीॲक्टिव्हेटचं बटण आहे, तिथे ते फॉरमॅटच्या आधी दाबा. मदरबोर्ड बदलणार असाल तर विंडोजचं लायसन्स मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडून घ्या. आणि जुन्या फॉन्टमधला मजकूर, आजोबांचं आत्मचरित्र असो की सोसायटीची घटना, फॉन्ट चालू आहे तोवर युनिकोडमध्ये आणा. सोबत एक पीडीएफ काढून ठेवा. फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ निदान वाचता तरी येते.

आजीच्या पुस्तकाचं प्रूफ आता ६७व्या पानावर अडलंय. एका ओवीत एक शब्द असा आहे की तो मावशीलाही ठाऊक नाही. कन्व्हर्टरने बिघडवला म्हणावं, तर जुन्या फॉन्टमध्येही तो तसाच दिसतो. मामाच्या हातून चुकून टाइप झाला, की आजीच्या माहेरच्या गावात तसंच म्हणायचे? मामाला आठवत नाही. मावशी शिंदखेड्याकडच्या एका आजींना विचारणार आहे. तोवर तो शब्द आहे तसाच ठेवलाय, आणि ती जुनी फाइल, तिचा फॉन्ट आणि २००४चं बिलही. आजीने तो शब्द कसा उच्चारला होता, याचा तेवढाच पुरावा आमच्याजवळ आहे.